कुत्र्या-मांजरानं धरलेली कोंबडी वाचवायची कशी

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. आमचाच कुत्रा, पिल्लू असल्यापासून त्याच अंगणात वाढलेला, एकदम उठला आणि त्यानं तांबडीला पाठीवर धरलं. मी ओरडले तशी सोडली, पण तोवर शेपटीची पिसं अंगणभर झाली होती. मी तिला उचलून तडक नळाखाली धरलं. रक्त धुतलं, मूठभर हळद भरली, चोच उघडून वाटीनं पाणी पाजलं. सुचलं ते सगळं दहा मिनिटांत केलं. अर्ध्या तासात तिनं मान टाकली. नंतर नीट बघितलं तर जखम रुपयाच्या दोन नाण्यांएवढी होती. तेवढ्या जखमेनं कोंबडी मरत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्या बोक्यानं एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, धरली. त्या वेळी आत्याबाई घरी होत्या. मी पुन्हा नळाकडं निघाले तर त्यांनी हात धरला. "अगं, आधी तिला झाक. धुणं मागून." तलंग टोपल्यात, खाली गोणपाट, वरून जुनं लुगडं, आणि टोपलं आतल्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तासाभरानं तिनं डोळे उघडले. ती पुढं तीन वर्षं अंडी देत होती.

परसात पहिल्यांदाच चार-दहा कोंबड्या पाळणारे लोक आधी औषधाचं नाव विचारतात. औषध लागतंच, पण क्रम चुकला तर बरोबर औषधही वाया जातं. आधी जीव, मग जखम. खालचं सगळं त्याच क्रमानं लिहिलं आहे. घटना घडून गेल्यावर वाचायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच एकदा वाचून ठेवा.

कुत्रा बांधा, मग कोंबडी धरा

कुत्रा घरचा असला तरी आधी बांधायचा किंवा खोलीत कोंडायचा. तोंडात एकदा पिसं आली की तो पुन्हा येतो. कोंबडीमागं पळू नका. भेदरलेली कोंबडी काट्याकुट्यात, कडब्याच्या गंजीखाली शिरते आणि उरलेली ताकद पळण्यात घालवते. टॉवेल किंवा पोतं अंगावर टाका, डोळे झाकले गेले की ती बसते. अंधार पडला असेल तर आणखी सोपं, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही.

उचलताना एक तळवा पोटाखाली आणि दुसऱ्या हातानं दोन्ही पंख अंगाशी. छाती आवळायची नाही. आपल्या छातीत जसं श्वासपटल असतं तसं कोंबडीला नसतं; तिच्या छातीचं हाड खाली-वर हललं तरच हवा आत जाते. लहान मुलं प्रेमानं घट्ट कवटाळतात आणि ती हातातच गुदमरते. पाय धरून उलटं लटकवणं तर अजिबात नको. बाजारात तसं नेतात म्हणून ते तिला सोसतं असं नाही. आतले अवयव श्वासाच्या पिशव्यांवर दाबले जातात, आणि जखमी कोंबडीला तेवढंच पुरतं.

सोडवताना तुम्हालाच कुत्र्या-मांजराचा दात किंवा नख लागलं तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजच्या लशीसाठी जा. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, असं म्हणून बसू नका. कोंबडीच्या पिसांवर कुत्र्याची लाळ असते, त्यामुळं तुमच्या हाताला चिरा-भेगा असतील तर मोजे घाला. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडं कुणाचे हात धड असतात!

ऊब, अंधार, शांतता

आत्ता फक्त एकच जखम बघायची, रक्त वाहणारी. दीड किलोच्या गावरान कोंबडीच्या अंगात सगळं मिळून शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे चहाचा एक कप. त्यातलं पाव कप गेलं तरी तिला जड जातं. स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. नख तुटून रक्त येत असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर दाबा. घरात कापूस ढिगानं पडलेला असला तरी सुटा कापूस जखमेवर ठेवायचा नाही. त्याचे तंतू आत चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी काढताना खपली उचकटते.

रक्त थांबलं की खोकं. किराणा दुकानातून येतं तसं पुठ्ठ्याचं खोकं चालतं, डालगं किंवा टोपलंही चालतं. खाली गोणपाट, त्यावर जुनं धुतलेलं सुती कापड. लाकडाचा भुसा आणि कडबाकुट्टी नको, ती ओल्या जखमेला चिकटते. वरून कापड असं टाका की हवा खेळेल पण उजेड जाणार नाही. खोकं घरात, टीव्हीपासून, पोरांपासून आणि कुत्र्याच्या आवाजापासून लांब.

धसका बसलेल्या कोंबडीचं लक्षण सांगते. तुरा पांढुरका पडतो, डोळे अर्धे मिटतात, मान आत ओढून ती पिसं फुगवून बसते, आणि पाय गार लागतात. निरोगी कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सियसच्या घरात असतं, आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. त्यामुळं तिचे पाय एरवी हाताला कोमट लागतात. गार पाय ही माझ्यासाठी सगळ्यात खात्रीची खूण. कडकनाथ पाळणाऱ्यांनी तर पायच बघावेत, कारण त्याचा तुरा मुळात काळपट असतो आणि तो फिका पडलेला चटकन कळत नाही.

ऊब द्यायची ती ऋतू बघून. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पहाटे पारा एक आकड्यावर येतो. अशा वेळी खोक्याच्या एकाच बाजूला चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावा, कागदाला आणि कापडाला लागणार नाही इतका लांब. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे गरम झालं तर ती स्वतः सरकेल. लाईट नसली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तिच्या अंगाला लावून ठेवा. आत्याबाई चुलीशी वीट तापवून गोणपाटात गुंडाळतात. ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मनगटाला सोसली तरच कोंबडीजवळ.

उन्हाळ्यात मात्र हिशेब उलटा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं ४२ अंशांच्या पुढं ऊन असतं, तेव्हा बल्ब लावणं म्हणजे तिला भाजणं. घरातली सगळ्यात गार, वारा असलेली जागा शोधा; पत्र्याखाली ठेवू नका. खिडकीला ओलं गोणपाट टांगा. तिच्या अंगावर गार पाणी ओतू नका. चोच उघडी ठेवून धापा टाकणं आणि पंख अंगापासून सुटे धरणं म्हणजे तिला उकडतंय.

आणि मग तिला एकटं सोडा, तासभर तरी, शक्य तर दोन तास. हे सगळ्यात अवघड असतं. दर पाच मिनिटांनी कापड उचलून "जिवंत आहे का" बघायचा मोह होतो. प्रत्येक वेळी तिला वाटतं, ते दात परत आले. मी तांबडीच्या वेळी हेच केलं होतं, दहा माणसांना दाखवलं होतं.

पाणी, पण थेंबानं

पाय कोमट झाले, मान वर आली, की पाणी. चोच उघडून ओतायचं नाही. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ओतलेलं पाणी सरळ तिथं उतरतं. चमचा किंवा बोट बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावा. ती चोच हलवेल, गिळेल, मग पुढचा थेंब. स्वतःहून प्यायला लागली की उथळ वाटी समोर ठेवा. खोल वाटीत मान घालून अशक्त कोंबडी बुडालेली आहे, म्हणून उथळच.

पहिल्या दिवशी ओआरएसचं पाणी चांगलं. पुडीवर लिहिलंय तेवढ्या पाण्यातच कालवायचं, थोड्या पाण्यात अर्धी पुडी असा अंदाज नको. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्या. दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी.

खाणं पहिल्या रात्री नसलं तरी चालतं. बळजबरीनं भरवू नका.

पिसांखाली शोधणं

आता जखमा. इथं घाई करू नका, आणि एकट्यानं करू नका. एकानं कोंबडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायची, दुसऱ्यानं बघायचं. मोबाईलचा टॉर्च हवा, आणि कोमट पाण्याची वाटी.

कोंबडीची कातडी पातळ असते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, आणि तिच्यावर पिसांचे इतके थर असतात की खालची मोठी जखमही झाकली जाते. बोक्यानं धरलेल्या त्या तलंगीच्या पाठीवर वीतभर ओरखडा होता. घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्यावरच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याकडं एकदा बघितलं आणि सोडून दिलं. त्यांनी बोटं ओली केली आणि पंखाखालची पिसं भांग पाडल्यासारखी एकेका ओळीनं बाजूला सारत गेले. काखेजवळ थांबले. तिथं तिळाएवढा एक ठिपका होता, भोवती जांभळट चकती. "ही बघा जखम," ते म्हणाले. "वरचा ओरखडा आपोआप बरा होईल. मारणार होता तो हा ठिपका."

मांजराचा दात सुईसारखा असतो. छिद्र बारीक, पण खोल, आणि तोंड लगेच मिटतं. मांजराच्या तोंडातले जंतू आत राहतात आणि एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. काल दाणे टिपणारी कोंबडी तिसऱ्या दिवशी सकाळी ताठ झालेली सापडते, ती अशी. म्हणून मांजरानं धरलेली कोंबडी, जखम दिसो वा न दिसो, अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांकडं न्यायचीच. याला अपवाद करू नका.

कुत्र्याचं वेगळं. तो धरून झटकतो. कातडी मोठी फाटते, खालचं मांस चेंगरतं, कधी आतलं हाड मोडतं. एका बाजूला दात दिसला की बरोबर विरुद्ध बाजूला दुसरा असणारच, जबडा दोन्हीकडून मिटतो. पाठीवर भोक सापडलं तर पोटाखाली बघा.

बघायच्या जागा: दोन्ही पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आतून, मानेभोवती पूर्ण गोल. गळ्याच्या खाली अन्नाची पिशवी असते तिथं जास्त नीट बघा. ती फाटली असेल तर प्यायलेलं पाणी किंवा दाणे जखमेतून बाहेर येतात. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कातडीपासून थोडं वर कापा, उपटू नका. ओढलेल्या पिसाबरोबर पातळ कातडीही निघून येते.

शेपटी पूर्ण गेलेली कोंबडी फार भयाण दिसते. पण भीतीनं कोंबडी स्वतःच शेपटीची पिसं सोडते, शत्रूच्या तोंडात पिसं राहावीत आणि आपण सुटावं म्हणून. नुसती पिसं गेली असतील आणि कातडी शाबूत असेल तर ती काही आठवड्यांत परत येतात. अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पिसझडीपर्यंत तशीच राहतात.

धुणं

मेडिकलमध्ये सलाईनची बाटली मिळते, नॉर्मल सलाईन म्हणून मागा. नाही मिळाली तर एक लिटर पाणी उकळून त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, घालून कोमट होऊ द्या. वीस मिलिची सुई नसलेली सिरिंज घ्या आणि जखमेवर हळू धार सोडा, माती, लाळ आणि तुटकी पिसं निघेपर्यंत. एका जखमेला दोन-तीन सिरिंज सहज लागतात. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतकं पातळ करा की कोऱ्या चहासारखा रंग येईल, आणि त्यानं शेवटचं धुवा.

दोन ठिकाणी धार सोडायची नाही. श्वासाबरोबर ज्या जखमेतून बुडबुडे येतात तिथं, आणि पंखाचं खांद्याजवळचं हाड मोडून बाहेर दिसत असेल तिथं. ते हाड पोकळ असतं आणि थेट श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. त्यात गेलेलं पाणी फुप्फुसाकडं जातं. अशा जखमेवर ओलं स्वच्छ कापड ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आता काय लावू नये ते. वसमतच्या हळदीचा मलाही अभिमान आहे आणि स्वयंपाकघरात बोट कापलं तर मी तीच लावते. पण दातानं पडलेल्या खोल छिद्रात पूड भरली की तिचा गोळा होतो, वरून तोंड बंद होतं आणि आतला पू कोंडतो. तेल, तूप, डालडा पिसांना लागलं की पिसं चिकटतात आणि तिची ऊब जाते. रॉकेल, टर्पेंटाईन, चुना, तंबाखू, बॅटरीचं पाणी हे सगळं मी लोकांना लावताना बघितलंय. जनावराच्या जाड कातडीला जे सोसतं ते इथं जाळून टाकतं. माणसांची बधिर करणारी मलमं, ज्यांत लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असतं, ती पक्ष्यांना बाधतात. मलमाच्या ट्यूबवर हे शब्द शोधा. आणि फेव्हिक्विकनं कातडी चिकटवू नका. चाव्याची जखम घाणेरडी असते, ती उघडी राहून आतून भरत यायला हवी.

धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीनचं किंवा भाजण्यावरचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम नखभर घेऊन पातळ थर लावा. बस्स. पट्टी बहुतेक वेळा लागतच नाही. चिकटपट्टी तर पिसांवर कधीच लावू नका.

डॉक्टर

मांजराचं वर सांगितलंच. त्याशिवाय तोंड उघडून श्वास, अन्नाची पिशवी फाटणं, पोटातलं काही बाहेर दिसणं, पाय लुळे पडणं, कातडीचा मोठा तुकडा लोंबणं, आणि कातडीखाली हवा भरून फुग्यासारखी फुगणं. शेवटचं बघून घाबरायला होतं. आतली श्वासाची पिशवी फाटून हवा कातडीखाली आलेली असते. घरी सुई टोचू नका, डॉक्टर निर्जंतुक सुईनं ती काढतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी नेली तर कोण बघणार, असं नव्या लोकांना वाटतं. न्या. कोंबडीही पशुधनच आहे. जाणं शक्य नसेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवण्यासाठी आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड जखम असेल आणि ती जवळ पडत असतील तर तिकडं न्या. गाडीवर नेताना भोकं पाडलेल्या खोक्यात न्या, पिशवीत नको.

घरातली माणसांची दुखण्याची गोळी फोडून देऊ नका. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आकाशातून गिधाडं संपली. कोंबडीही पक्षीच आहे. तिला वेदना होतात, आणि त्यावर पक्ष्यांना चालणारं औषध आहे, पण ते वजन बघून डॉक्टरांनीच द्यावं. अँटिबायोटिकचा कोर्स तिसऱ्या दिवशी ती टुणटुणीत दिसली तरी पूर्ण करा. आणि विचारून घ्या की अंडी किती दिवस खायची नाहीत. औषधाचा अंश अंड्यात उतरतो. तेवढे दिवस ती अंडी विकायचीही नाहीत, आणि कोंबडी कापायचीही नाही.

काही वेळा डॉक्टर सांगतात की वाचणार नाही. कणा मोडलेला असतो, आतडी फाटलेली असतात. तेव्हा तिला दिवसभर तडफडू देण्यापेक्षा डॉक्टरांकडूनच शांतपणे सोडवून घ्या. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा.

पुढचे दहा दिवस

सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेळा जखम बघायची. पावसाळ्यात तिसऱ्यांदाही. कारण माशी. ओल्या जखमेवर माशीनं अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस खातात. तांदळाच्या बारीक कणीसारखे पांढरे पुंजके पिसांच्या मुळाशी दिसले की तीच अंडी. ओल्या कापडानं पुसून काढा. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं एकेक काढा, सलाईननं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा आणि खालचं कापड दिवसातून दोनदा बदला. शिटेचा वास म्हणजे माशीला निमंत्रण.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी हिरवी झालेली दिसेल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, सडलं. तसं नसतं. मुका मार लागला की माणसाचं अंग काळं-निळं पडतं, कोंबडीचं हिरवं पडतं. तो हिरवा रंग हळूहळू ओसरतो. सडण्याला वास येतो, कातडी काळी आणि गार पडते. हा फरक नाकानं कळतो, म्हणून जखमेचा रोज वास घ्या. पू सुद्धा आपल्यासारखा वाहत नाही. कोंबडीचा पू पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट, पिवळसर असतो. तो जखमेत बसलेला दिसला तर तो आपोआप बाहेर येणार नाही, डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो.

खाण्याला दुसऱ्या दिवशी सुरुवात. उकडलेल्या अंड्याचा चुरा हे सगळ्यात चांगलं. आपलंच अंडं कोंबडीला कसं घालायचं म्हणून काही जणींना कसंसं होतं, पण भरून येण्यासाठी प्रथिनं हवीत आणि पीस तर जवळजवळ पूर्ण प्रथिनांचंच असतं. त्याबरोबर भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, बिनमिठाची मऊ मुगाची खिचडी, चमचाभर दही. भूक लागत नसेल तर ताटलीवर बोटानं टकटक करा, आई पिल्लांना दाणा दाखवते तसं. बऱ्याच जणी त्या आवाजाला चोच मारतात.

शिट बघा. पातळ आणि गर्द हिरवी असेल तर पोटात अन्न जात नाहीये. रोज सकाळी गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा: रात्री भरलेली, सकाळी रिकामी, असं असलं पाहिजे. सकाळीही पिठाच्या गोळ्यासारखी लागली तर पचन थांबलंय. भाजीचा काटा असेल तर दोन दिवसांनी वजन करा. डोळ्याला पिसं फसवतात, काटा फसवत नाही.

अंडी बंद होतील. काही आठवडे होतील, कधी जास्त. घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे कुणी तिला निरुपयोगी म्हणणार नाही.

पंख लोंबत असेल तर तो नीट मिटलेल्या स्थितीत अंगाशी धरून मऊ कापडी पट्टीनं बांधा, छाती आवळणार नाही इतकीच. पट्टीखाली एक बोट सहज जायला हवं. पाय मोडला असेल तर खपच्या बांधण्याचा प्रयोग घरी करू नका. पक्ष्याचं हाड दोन-तीन आठवड्यांत जुळतं, वाकडं बसलं तर वाकडंच जुळतं.

परत कळपात

लाल डाग दिसला की बाकीच्या कोंबड्या टोचतात, स्वतःच्या आईलाही. म्हणून जखमेवर कोरडी कातडी येईपर्यंत ती एकटीच. पण पूर्ण नजरेआड ठेवली तर कळप तिला विसरतो आणि परत आल्यावर परकी समजून मारतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून, ती हिंडायला लागली की, दिवसा तिला डालग्याखाली अंगणात ठेवा. बाकीच्या भोवती फिरतील, दाणे टिपतील, ओळख राहील. जखम भरली की एखादी गरीब कोंबडी आधी तिच्याजवळ सोडा, दोन दिवसांनी बाकीच्या. दाणे दोन-तीन ठिकाणी टाका, म्हणजे दांडगी कोंबडी सगळीकडं पहारा देऊ शकणार नाही. रक्त निघालं तर लगेच वेगळी करा.

कुत्र्याला मेलेली कोंबडी गळ्यात बांधून शिकवण्याची पद्धत मी ऐकली आहे. तसं करू नका. त्यातून तो काही शिकत नाही, आणि चवीची ओळख मात्र पक्की होते. कोंबड्या मोकळ्या असतात त्या वेळी कुत्रा बांधलेला, आणि कुत्रा मोकळा असतो त्या वेळी खुराड्याला कडी. आमच्याकडं आता एवढंच आहे आणि त्यानंतर घरच्या कुत्र्यानं एकही धरली नाही. खुराड्याची जाळी बारीक हवी, बोक्याचा पंजा आत जाणार नाही इतकी, आणि खालून एक फूट जमिनीत गाडलेली.

एक शेवटचं. ज्या जागी धरलं त्या जागेची भीती कोंबडीच्या मनात बरेच दिवस राहते. ती तलंग बरी झाल्यावर रोज संध्याकाळी खुराड्याच्या दारापर्यंत यायची, मान वाकडी करून आत बघायची आणि मागं फिरून तुळशीवृंदावनामागं जाऊन बसायची. ढकलून आत घालू नका. अंधार पडू द्या, मग हळूच उचलून आतल्या दांडीवर ठेवा. आम्ही नऊ रात्री तिला तसं ठेवलं. दहाव्या दिवशी मी दिवा लावून बाहेर आले तर ती आधीच आत होती.